ढोमणे काकांचे मेळावे

आमच्याकडे नवीन टेबल घेणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात मला एक प्रश्न विचारतोच. ‘मॅडम, ये शनिवार को जो डेमो-वेमो होता है, जाने का कोई फायदा है क्या?’

मी रायपूरला शंकर नगरात एका सामायिक ऑफिसची व्यवस्था पाहते. ज्यांना स्वतःचं ऑफिस परवडत नाही अशा छोट्या कंपन्या इथे टेबल भाड्याने घेऊन बसतात आणि मागच्या हॉलमध्ये त्यांचे ते कार्यक्रम होतात. कोणी आपलं ॲप दाखवतं, कोणी पाहुणा म्हणून भाषण देतं, मग सगळे उभ्याने समोसे खातात आणि एकमेकांना कार्डं देतात. प्रोजेक्टरची वायर, एसी, चहा, ऐन वेळी बंद पडणारं वायफाय, हे सगळं माझ्याकडे. दाराशी उभी राहून मी इतके कार्यक्रम पाहिले आहेत की प्रश्न कानावर पडला तरी थकायला होतं. पूर्वी मी सांगायची, ‘ढोमणे अंकलला विचारा.’ आता तीही सोय राहिली नाही.

प्रभाकर ढोमणे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. राहायला बूढापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत. कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेन, आणि आवाज असा की माइक नसला तरी चालावं. रायपूरच्या मराठी लोकांना ते खात्यामुळे नाही, मेळाव्यांमुळे माहीत. वर्षानुवर्षं समाजाचा वधू-वर परिचय मेळावा त्यांनीच चालवला. डावीकडे मुलं, उजवीकडे मुली, मागे आईबाप. नाव पुकारलं की स्टेजवर जायचं आणि दोन मिनिटांत नाव, गाव, शिक्षण, नोकरी आणि अपेक्षा सांगायच्या. दोन मिनिटं झाली की काका टेबलावरची पितळी घंटी वाजवत. कलेक्टर ऑफिसातला मुलगा असो की दुकानातला, घंटी सगळ्यांना सारखी.

मीही त्या स्टेजवर उभी राहिलेली आहे. अपेक्षांपर्यंत पोचायच्या आधीच घंटी वाजली आणि मी खाली उतरले. माझं लग्न पुढे दुसरीकडून जमलं, त्यामुळे काकांबद्दल जे लिहिते आहे ते काही उपकाराच्या ओझ्याखाली लिहीत नाही.

पुढे लग्नं मोबाइलवर जमू लागली. मेळाव्याला मुलांपेक्षा आईबापच जास्त येऊ लागले, आणि एका वर्षी हॉलच ठरवला गेला नाही. काका घरी बसले. त्याच सुमारास त्यांची धाकटी मुलगी शीतल पुण्याची नोकरी सोडून परत आली आणि तिने आमच्याकडे खिडकीजवळचं टेबल घेतलं. तिने एक सळई बनवली होती. धानाच्या पोत्यांच्या थप्पीत ती खुपसून ठेवायची, मग आत किती ओल आहे, किती गरमी आहे ते मोबाइलवर दिसतं. धान आतून तापलं की सडतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही, हे इथे कोणालाही माहीत असतं. एका शनिवारी बाप घरी कंटाळतो म्हणून ती काकांना कार्यक्रमाला घेऊन आली.

काका मागे उभे राहून तासभर पाहत होते. मग माझ्यापाशी आले.

‘ताई, हे काय चालून राहिलं?’

‘नेटवर्किंग म्हणतात याला, काका.’

‘जे एकमेकांले ओळखते तेच एकमेकांसोबत खाऊन राहिले. तो चष्मेवाला पोट्टा आला तसा भिंतीले टेकून उभा आहे. त्याले कोणी विचारलं?’

मी म्हटलं, ‘नाही विचारलं.’

काका गेले, चष्मेवाल्याचं मनगट धरलं, समोशांपाशी घोळका करून उभ्या असलेल्यांतल्या एकाचं धरलं, दोघांना समोरासमोर उभं केलं आणि म्हणाले, ‘ये मिलने आए हैं. आप भी मिलने आए हैं. मिलिए.’ आणि पुढच्या माणसाकडे वळले. मनगट धरायची ही सवय त्यांना मेळाव्यांपासूनची. कार्यक्रम चालवणाऱ्या पोरांना आधी गंमत वाटली, मग लक्षात आलं की या म्हाताऱ्याला हॉल चालवता येतो. पुढच्या महिन्यापासून माइक काकांकडे गेला, घंटीसकट.

पहिल्याच कार्यक्रमात त्यांनी मला खुर्च्या दोन बाजूंना लावायला सांगितल्या, मधे वाट. डावीकडे विकणारे बसतील, उजवीकडे घेणारे. लोक आले आणि एकापाठोपाठ एक डावीकडे बसत गेले. डावीकडच्या खुर्च्या संपल्यावर भिंतीला लागून उभे राहिले, पण उजवीकडे कोणी जाईना. शेवटी एक जण उजवीकडे बसला, तोही विमा विकणारा निघाला. काका स्टेजवरून बराच वेळ ते पाहत राहिले. मग खाली येऊन मला हळूच म्हणाले, ‘सगळे नवरदेवच आहेत हो ताई. नवरी कुठं आहे?’

एवढ्या कार्यक्रमांना चहा पुरवून जे मला नीट शब्दांत मांडता आलं नव्हतं, ते त्यांनी खुर्च्या लावून दाखवलं. ही मंडळी एकमेकांनाच माल दाखवत होती. वर एक रीतही पडून गेली होती. तू माझं ॲप उतरवून घे, मी तुझं घेतो, आणि दोघांनी एकमेकांना पाच तारे द्यायचे. त्यावरून आपलं काम वाढतं आहे अशी समजूत करून घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकाने घरच्यांना न सांगता पक्की नोकरी सोडली. तो आता परत नोकरी शोधतो आहे आणि त्याचं टेबल रिकामं आहे.

काकांची दुसरी सुधारणा म्हणजे अपेक्षा. बोलून झालं की प्रत्येकाने आपली अपेक्षा सांगितलीच पाहिजे, त्याशिवाय खाली उतरायचं नाही. बंगळूरहून परतलेला एक मुलगा होता, फार छान इंग्रजी बोलायचा, पडद्यावर बाण आणि वर्तुळं. त्याचं संपलं आणि घंटी वाजली.

‘अपेक्षा?’ काकांनी विचारलं.

‘अंकल, हम एक इकोसिस्टम बनाना चाहते हैं.’

‘वो बाद में. आज इस हॉल से क्या लेके जाना है?’

‘मतलब, सपोर्ट...’

‘किसका?’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘बोल दे ना यार, पैसा चाहिए.’ हॉल हसला. काका हसले नाहीत, वाट पाहत राहिले. शेवटी तो मुलगा खाली बघत म्हणाला, ‘एक अकाउंटंट चाहिए. हमारा जीएसटी तीन महीने से अटका पड़ा है.’ लगेच दोन हात वर झाले. एवढं बोलायला त्याला सहा कार्यक्रम लागले होते.

आणि काका उजव्या बाजूच्या खुर्च्या भरायच्या मागे लागले. सकाळी स्कूटर काढून ते पंडरीच्या कापड बाजारात जात आणि ठोक व्यापाऱ्याच्या गादीवर बसत. एकदा हिशेबाचं ॲप करणाऱ्या एका मुलाला त्यांनी सोबत नेलं. परत आल्यावर तो माझ्याकडे कुरकुरला, ‘आंटी, दो घंटे बैठे. अंकल ने पूरे टाइम साडी की बात की. ॲप का नाम तक नहीं लिया.’

काकांना मी विचारलं तर म्हणाले, ‘पहिल्या दिवशी मुलीकडचे मुलाचा पगार विचारतात का? माणूस पाहतात. परवा पुन्हा जाऊ.’

ते पुन्हा गेले, आणि त्यानंतरही. चौथ्या खेपेला व्यापाऱ्यानेच विचारलं, हा लडका करतो काय. ते ॲप त्या दुकानात अजून चालतं. हॉलमध्ये लग्न जमत नाही, हॉलमध्ये फक्त तोंडओळख होते, खरी गोष्ट घरी जाऊन होते, असं काका म्हणत. मीही नवीन लोकांना तेच सांगत आले आहे, थोड्या कोरड्या शब्दांत. शनिवारी आलात आणि सोमवारी कोणाच्या दारात गेला नाहीत, तर समोसा खायला आला होतात असं समजा. बहुतेक जण समोसाच खायला येतात. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्यांखाली पडलेली कार्डं मी झाडून काढते.

हळूहळू उजवीकडे माणसं दिसू लागली. दोन-तीन कापडवाले, एक नर्सिंग होमवाले डॉक्टर, एक ट्रान्सपोर्टवाले. मग एके दिवशी काकांनी सांगितलं की तिल्दा रोडवरच्या एका मोठ्या राइस मिलचे सेठ यायला कबूल झाले आहेत. मी मान वर करून शीतलच्या टेबलाकडे पाहिलं.

तिचं काय चाललं होतं ते मला माहीत होतं. तिला एक मिल हवी होती, बस. एका हंगामापुरती कोणी आपल्या गोदामात सळया लावू दिल्या की पुढचं तिला दाखवून देता आलं असतं. ती एकटी मिलवर गेली की मुनीमजी विचारत, ‘किसकी तरफ से आई हो बेटा?’ आणि चहा पाजून परत पाठवत. हैदराबादच्या एका कंपनीने तिला नोकरीला बोलावलं होतं, महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. ‘एक मिल मिल जाए तो मैं कहीं नहीं जा रही,’ असं तिने मला सांगितलं होतं. काकांनाही सांगितलं होतं. मोठी मुलगी लग्न करून भिलाईत, मुलगा नाही. शीतल इथे राहावी म्हणून काकांचा जीव किती अडकला होता ते ते कधी बोलले नाहीत. पण तिच्या टेबलाचं भाडं भरायच्या दिवशी ते उगाचच येऊन खिडकीची कडी तपासून जात.

त्या शनिवारी दुपारी खुर्च्या लावताना काकांनी मला बोलणाऱ्यांची नावं वाचून दाखवली. त्यात शीतल नव्हती.

‘काका, मिलवाले सेठ येणार आणि शीतल बोलणार नाही?’

‘आयोजकाचं पोट्टं स्टेजवर चढत नाही, ताई.’

‘हा वधू-वर मेळावा नाही.’

‘माणसं तर तीच आहेत न. उद्या म्हणतील, ढोमण्यानं हॉल भरवला तो आपल्या पोट्टीसाठी.’

‘म्हणू द्या की.’

‘मग पुढच्या बारीले कोणी काहून येईल?’

यामागे इतिहास होता. फार पूर्वी दुसऱ्या एका मंडळाच्या आयोजकाने चांगली स्थळं स्टेजवर येण्याआधी आपल्या भाचीकडे वळवली होती. ते बाहेर आलं आणि ते मंडळच मोडलं. तेव्हापासून काकांचा नियम पक्का. स्वतःच्या मोठ्या मुलीचं नाव त्यांनी आपल्या मेळाव्यात कधी पुकारलं नाही. तिचं लग्न भिलाईच्या नातेवाइकांनी जमवलं.

‘सोमवारी मी तिले घेऊन मिलवर जातो,’ काका म्हणाले. ‘आज सेठांनी हॉल पाहावा, आमची माणसं पाहावी. एवढं पुरे.’

मी जास्त वाद घातला नाही. मला चहाची मोजदाद करायची होती.

कार्यक्रम नेहमीसारखाच झाला. शेवटी काकांनी पाहुण्यांना माइक दिला आणि आपल्या पद्धतीने विचारलं, ‘सेठजी, आपकी अपेक्षा?’ सेठ मनमोकळे गृहस्थ. उठून म्हणाले, ‘भैया, मेरी तो एक ही परेशानी है. थप्पी में धान अंदर-अंदर गरम हो जाता है और हमको बोरी खोलने पर पता चलता है. इसका कुछ है किसी के पास?’

हॉलमध्ये निम्म्या लोकांना शीतलचं काम माहीत होतं. माना वळल्या. ती समोशांच्या टेबलाजवळ कागदी प्लेट धरून उभी होती आणि वडिलांकडे बघत होती. कोणीतरी म्हणालं, ‘अंकल, शीतल दीदी का...’ काकांनी त्याला हातानेच थांबवलं. माइकवर म्हणाले, ‘पता करके आपको बताएँगे, सेठजी.’

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उठला. म्हणाला, मी असंच काहीसं करतो आहे, अजून पूर्ण नाही, पण आपण जागा दिली तर करून देतो. सेठ म्हणाले, ‘आओ भई, इधर आओ.’ तो मधल्या वाटेने उजवीकडे गेला आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. काकांनी वेळ झाली म्हणून घंटी वाजवली.

नंतर प्लेटा गोळा करताना मी शीतलला विचारलं, ‘तू का नाही बोललीस?’

‘बाबा के हॉल में?’ ती म्हणाली. ‘आंटी, फिर बाबा किसको मुँह दिखाते.’

सोमवारी बापलेक ठरल्याप्रमाणे मिलवर गेले. संध्याकाळी काका एकटेच ऑफिसात आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. मी चहा मागवला.

‘सेठ लय चांगले वागले,’ ते म्हणाले. ‘सळई हातात घेऊन पाहिली. चांगली आहे म्हणे. मग म्हणे, भैया, उस दिन बोल देते. अब तो उस लड़के को जबान दे दी.’

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘काय म्हणणार? राम राम केला, उठलो. जबान दिली म्हणजे दिली. ठरलेल्या लग्नात कोणी बिघाड घालते का?’

मला खरोखरच कंटाळा आला. मी म्हटलं, ‘काका, हे लग्न नाही. त्यांच्याकडे गोदामं किती असतील. एका गोदामात त्याच्या सळया लावा, दुसऱ्यात हिच्या, म्हणायचं होतं. एका मिलमध्ये दोघांची यंत्रं बसतात. कोणाची जबान मोडत नाही.’

चहावर साय धरली. काका म्हणाले, ‘हे मले सुचलंच नाही, ताई.’

‘अजून जा. उद्याच जा.’

‘आता कसं जाऊ? उठून आलो मी तिथून.’

ते गेले नाहीत. शीतलला मी जा म्हटलं, तर ती म्हणाली, बाबा नमस्कार करून उठले तिथे मी पुन्हा कशी जाऊ. दोघंही एकाच मातीचे. महिनाअखेर तिने हैदराबादला होकार कळवला, टेबल सोडलं, ड्रॉवरची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या मुलाचं काम त्या मिलमध्ये ठीक चाललं आहे, असं ऐकते. त्याची काहीच चूक नव्हती. त्याला जे हवं होतं ते त्याने उठून मागितलं.

काकांनी पुढचा एक कार्यक्रम घेतला आणि मग माइक पोरांकडे परत दिला. गुडघे दुखतात म्हणाले. पोरांनी खुर्च्या पुन्हा एका दिशेला लावल्या. कापडवाले दोनदा आले आणि मग यायचे थांबले.

आता काका-काकू मुलीकडे हैदराबादला असतात. बूढापाऱ्याचं घर भाड्याने दिलं आहे. मला ते शेवटचे दिसले ते इथून जायच्या थोडं आधी, भिलाईत. आमच्या मालकांना तिथे दुसरं ऑफिस काढायचं होतं, म्हणून तिथला असाच एक कार्यक्रम पाहायला त्यांनी मला पाठवलं होतं. मी मागच्या रांगेत बसले होते. बोलणाऱ्यांच्या ओळीत, विशी-पंचविशीच्या पोरांमध्ये, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट दिसला. गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला, हातात कापडी पिशवी. आधी वाटलं, मोठ्या मुलीकडे आले असतील आणि सवयीने इकडे डोकावले असतील. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं.

वधू-वर मेळाव्यात मुलगा परगावी नोकरीला असला आणि त्याला रजा मिळाली नाही, की त्याचा बाप स्टेजवर येतो आणि मुलाची माहिती सांगतो. ते कोणाला विचित्र वाटत नाही. काका तसेच आले. पिशवीतून सळई काढून टेबलावर ठेवली आणि हिंदीत सांगितलं, नाव शीतल ढोमणे, राहणार रायपूर, सध्या हैदराबादला नोकरी, आज हजर नाही, मी वडील. सळई काय करते तेही नीट सांगितलं, पाठ केल्यासारखं. छत्तीसगडातल्या कोणत्याही मिलने जागा दिली तर मुलगी परत यायला तयार आहे, असंही म्हणाले. ती तयार होती की नाही, मला ठाऊक नाही. पोरं शांत बसून ऐकत होती. एक-दोघांनी मोबाइलवर फोटो काढले.

पुढच्या रांगेतल्या एका माणसाने चांगला प्रश्न विचारला. पावसाळ्यात गोदामात वीज गेली की ही किती वेळ चालते?

‘ये बिटिया बताएगी,’ काका म्हणाले. त्यांनी तिथेच फोन लावला आणि माइकपाशी धरला. रिंग हॉलभर ऐकू येऊ लागली. सगळे थांबले. ती बराच वेळ वाजली. मग शीतलचा आवाज आला, दबका, घाईचा.

‘बाबा, मीटिंग में हूँ. रखो.’

काकांनी फोन खिशात ठेवला. ‘काम में है,’ त्यांनी हॉलला सांगितलं, आणि सळई पुसून पिशवीत घातली. पुढचा मुलगा लॅपटॉप घेऊन स्टेजच्या पायरीवर उभाच होता. काकांनी सरकून त्याला वाट करून दिली.